चुकीचं चलान: ऑनलाइन तक्रार की लोकअदालत?
मामेभावाला परवा २,००० रुपयांचं ई-चलान आलं. त्याची स्कूटर, फोटोत मात्र बुलेट. गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा चुकीचा टिपलेला. "दादा, तक्रार करू की लोकअदालतीत कमी पैशांत मिटवू?"

तक्रारीला पैसे पडत नाहीत. लोकअदालतीतही कोर्ट फी नसते, पण तिथे होते तडजोड. सवलत मिळाली तरी न केलेल्या चुकीचे पैसे आपण का भरायचे? शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

लोकअदालतीत काम एका फेरीत उरकू शकतं, पण ठरलेल्या तारखेलाच. तक्रार घरबसल्या होते; चलान नंबर, आरसी आणि नंबरप्लेट ठळक दिसेल असा आपल्या गाडीचा फोटो जोडा. पाठपुरावा मात्र चिकाटीने करावा लागतो.

खात्यातून पैसे गेले आणि चलान तसंच दिसतंय? घाईने पुन्हा भरू नका. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक) देऊन तक्रार करा.

गाडीच तुमची नसेल किंवा पैसे अडकले असतील, तर तक्रारच. सिग्नल खरंच तोडलाय, जुनी चलानं साचलीत, तर लोकअदालत बरी.