घरच्या पीसीवर उबुंटू आणि एआय : नऊ महिने वापरल्यावर

मी प्रोग्रॅमर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुलाखती घ्यायच्या, त्या कागदावर उतरवायच्या आणि दिवाळी अंकांना लेख द्यायचे, हा माझा उद्योग. तासाभराचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला माझे पाच-सहा तास जातात. त्यात बोलणारे निम्मे लोक निघताना सांगतात, ‘हे कुठं बाहेर जाऊ देऊ नका हं.’ मग ती फाइल कुठल्यातरी संकेतस्थळावर चढवायची म्हटलं की मन खातं. म्हणून रेकॉर्डिंग एआयकडून उतरवून घ्यायचं, पण ते घरच्या पेटीवरच, म्हणजे पीसीवरच, असं ठरवलं.

पेटी जुनीच आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आणि सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी मेमरीवालं. दुकानदाराने ‘त्यापेक्षा नवीन ४०६० घ्या’ म्हणून बराच आग्रह केला. गेमसाठी त्याचं बरोबर असेल, पण त्यात मेमरी ८ जीबी. एआयच्या कामात मॉडेल (म्हणजे एआयची शिकवून तयार केलेली मोठी फाइल) कार्डाच्या मेमरीत अख्खं मावलं तर पळतं; मावलं नाही तर उरलेला भाग साध्या रॅममध्ये जातो आणि मग एकेक शब्द ठिबकत येतो. पैसे मर्यादित असतील तर वेगापेक्षा मेमरी बघा.

विंडोजसारखीच, पण लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम असलेलं उबुंटू २४.०४ टाकलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे मधे उठाठेव करायला नको. ते वेगळ्या एसएसडीवर टाकलं आणि टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल चक्क काढून ठेवली. चुकून भलती डिस्क पुसण्याचा प्रश्नच मिटला. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात झालं. गंमत दुसऱ्या दिवशी कळली. दुपारी चार वाजता विंडोज उघडलं तर घड्याळ साडेदहा दाखवतंय. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून आपल्याकडे बरोब्बर साडेपाच तासांचा फरक पडतो. एका कमांडचं काम आहे, पण कारण कळेपर्यंत मी मदरबोर्डचा सेल बदलून आणला होता.

खरा वेळ गेला तो ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला चढू न देणारी मदरबोर्डची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा दहा सेकंद थांबतो. मी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर मशीन चालू, सगळं छान, फक्त कार्डाचा पत्ता नाही. दोन संध्याकाळी मी ड्रायव्हर काढतोय आणि घालतोय. शेवटी मोकयूटिल या कमांडने किल्लीची नोंदणी पुन्हा मागवली आणि या वेळी खुर्चीतून उठलो नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. चौथ्या महिन्यात एक व्हिडिओ बघून मी उबुंटूने दिलेला ड्रायव्हर काढला आणि नव्या आवृत्तीची फाइल स्वतः उतरवून बसवली. ‘डीकेएमएसमध्ये नोंद करू का?’ असं तिने विचारलं होतं. ते काय ते माहीत नसल्याने मी बाणेदारपणे ‘नाही’ म्हटलं. दोन आठवड्यांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला, आणि लेख द्यायच्या आदल्या रात्री समोर काळा पडदा. डीकेएमएसचं कामच ते, कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने बांधून द्यायचा. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, ग्रबमधनं जुना कर्नल निवडा आणि झोपा.” ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना येणारी यादी. जुन्या कर्नलवर लेख पुरा केला. दुसऱ्या दिवशी उबुंटूचाच ड्रायव्हर परत बसवला. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही.

एआयची साधनं बहुतेक पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतात, त्याचं थोडक्यात सांगतो. थेट पिपने (पायथनची साधनं उतरवणाऱ्या कमांडने) काही टाकायला गेलात तर उबुंटू आता अडवतं, आणि ते योग्यच आहे, कारण सिस्टीमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. प्रत्येक साधनाला स्वतंत्र वेन्व्ह, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा, करायचं. पायटॉर्च हे एआयचं साधन स्वतःबरोबर कुडाच्या, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरच्या, लायब्ररी घेऊन येतं, त्यामुळे कुडा टूलकिट वेगळं बसवावं लागत नाही. मी बसवलं होतं, उगाच. याची किंमत मात्र डिस्क मोजते. दर वेन्व्हमागे काही जीबी, वर मॉडेलं. ५०० जीबीची एसएसडी तिसऱ्या महिन्यात भरली. जागा कुठे गेली ते दिसत नव्हतं, कारण हगिंग फेस या मॉडेलांच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं सगळं होममधल्या लपलेल्या कॅश फोल्डरात जातं आणि ओलामा या मॉडेलं घरी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची मॉडेलं सिस्टीमच्या फोल्डरात. ओलामाचा साठा दुसऱ्या डिस्कवर हलवला तर मॉडेलं दिसेनाशी झाली. ते ‘ओलामा’ नावाच्या वेगळ्या यूझरखाली चालतं आणि नव्या फोल्डरची मालकी माझ्या नावावर होती. सातबारा त्याच्या नावावर केल्यावर चालू झालं.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्याबद्दल. व्हिस्पर या बोलणं लिहून काढणाऱ्या एआयचं लार्ज-व्ही३ मॉडेल मी फास्टर-व्हिस्पर या त्याच्या वेगवान रूपातून चालवतो. तासाभराचं रेकॉर्डिंग आठ-दहा मिनिटांत उतरतं. भाषा मराठी आहे हे आधी सांगून ठेवा. नाही सांगितलं तर पहिल्या तीस सेकंदांवरून ते स्वतः ठरवतं, आणि सुरुवातीला कोणी ‘हॅलो, चेक, चालू आहे क्या’ म्हटलं की पुढची अख्खी मुलाखत हिंदीत. बोलण्यात लांब खंड पडला की एकच वाक्य दहा वेळा छापून येतं. त्यावर शांततेचे तुकडे गाळणारा व्हीएडी फिल्टर लावला की बराच फरक पडतो.

प्रमाण मराठी चांगली उतरते. आमच्या कोल्हापूरकडची बोली आली की पंचाईत. एक वस्ताद सांगत होते, ‘मी लहानपणी तालमीला गेलतो.’ कागदावर आलं, ‘मी लहानपणी तालमीला गेला तो.’ मुलाखतीत अशा बावीस जागा निघाल्या. ‘आलतो’चं ‘आला तो’, ‘बसलतो’चं ‘बसला तो’. वस्ताद बोलताहेत स्वतःबद्दल, आणि कागदावर कोणी भलताच माणूस हिंडतोय. सुरुवातीच्या प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधी द्यायच्या मजकुरात) असे शब्द नमुन्याला दिले की चुका कमी होतात, संपत नाहीत. तरी सगळं धरून, दुरुस्तीसकट, पाच-सहा तासांचं काम दीड तासावर आलंय.

सारांशासाठी ओलामावर गूगलच्या जेम्मा ३ चं १२ अब्ज पॅरामीटरवालं मॉडेल. ते आठेक जीबीचं आहे, म्हणजे माझ्या कार्डात मावतं. पहिला महिना सारांश नेहमी मुलाखतीच्या शेवटच्या भागाचाच यायचा. दोष माझाच. कॉन्टेक्स्टची, म्हणजे मॉडेल एका वेळी ध्यानात घेतं त्या मजकुराची, मर्यादा मुळात लहान ठेवलेली असते, आणि देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मोजतं ते शब्दांचे तुकडे) खातो, त्यामुळे सुरुवातीची पानं गुपचूप गळत होती. मर्यादा वाढवली, पण तीही कार्डाचीच मेमरी घेते, म्हणून मुलाखत दोन तुकड्यांत देतो. मुद्दे काढायला, उपशीर्षकं सुचवायला ठीक आहे. त्याने लिहिलेला परिच्छेद मात्र मी कधी छापायला दिलेला नाही; सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडच्या खिडकीत, मराठी वाचू नका. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. मॉडेलच बिघडलंय असं मला वाटलं होतं. तेच उत्तर ब्राउझरमध्ये ओपन वेबयूआयमधून स्वच्छ दिसतं.

एक रोजची कटकट : मशीन स्लीपमधून उठवलं की कधीकधी कुडाला कार्ड सापडत नाही आणि काम मुकाट प्रोसेसरवर चालू राहतं. आठ मिनिटांचं काम दीड तास झालं तरी संपेना तेव्हा लक्षात आलं. ‘एनव्हिडिया-यूव्हीएम’ हे ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत चढवलं की सुटतं. आता मी स्लीप वापरतच नाही.

विजेचं म्हणाल तर कार्डाची मर्यादा १७० वॉट आहे, ती मी १३० वर आणून ठेवली. वेगातला फरक मला जाणवला नाही, पंख्याचा आवाज मात्र निम्म्यावर आला. आमच्याकडे लाइट जाते, म्हणून यूपीएस ठेवलाच आहे.

नुसतं करून बघायचं असेल तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ पुरतं. ड्रायव्हर विंडोजकडे एकदाच टाकायचा, आतल्या लिनक्समध्ये टाकायचा नाही. रोज वापरणार असाल तर वेगळी डिस्क घ्या, तीही एक टीबीची.

बोलीच्या चुका एका झटक्यात बदलायला मी एक फाइंड-रिप्लेसची यादी केली आहे. चाळीसेक शब्द झालेत. ‘गेला तो’ त्यात घालता येत नाही, कारण कधीकधी तो खरंच गेलेला असतो.