जपानला कोणत्या ऋतूत जावे? आपल्या सुट्ट्या आणि तिथले हवामान

जपानच्या सहलीचा विचार सुरू झाला की बहुतेक घरांत पहिला शब्द साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, निघतो आणि मग विमानाची तिकिटे, हॉटेले, व्हिसा हे सारे त्या फुलांच्या अंदाजाभोवती फिरू लागते. शाळकरी मुले असलेल्या मराठी कुटुंबासाठी मात्र हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. आपल्या हातात मुळात दोनच मोठ्या सुट्ट्या असतात, मेची आणि दिवाळीची. तेव्हा या दोन सुट्ट्यांत जपान कसा असतो हे आधी पाहावे आणि बाकीचे ऋतू ज्यांना रजेचे बंधन नाही त्यांच्यासाठी सोडावेत.

साकुराची अडचण तिच्या अनिश्चिततेत आहे. टोकियोत फुलण्याची अधिकृत घोषणा यासुकुनी मंदिराच्या आवारातील एका नमुना-झाडावर पाच-सहा फुले उमलली की होते. ही घोषणा 2023 मध्ये 14 मार्चला झाली होती, तर 2024 मध्ये 29 मार्चला, म्हणजे एकाच शहरात लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक. पूर्ण बहर त्यानंतर आठवडाभराने येतो आणि जेमतेम आठवडाभर टिकतो. मध्येच वाऱ्यापावसाची सर आली तर तेवढाही नाही. हॉटेलांचे दर मात्र या काळात कितीतरी आधीपासून चढलेले असतात. शिवाय मार्चअखेर म्हणजे आपल्याकडे वार्षिक परीक्षांचा हंगाम. निवृत्त जोडप्याने किंवा मुले नसलेल्यांनी हा जुगार जरूर खेळावा, पण त्यांनीही दहा-बारा दिवस हाताशी ठेवावेत आणि टोकियोत फुले गळून गेली असतील तर उत्तरेकडे सरकण्याची तयारी ठेवावी, कारण आओमोरीतील हिरोसाकीला बहर एप्रिलच्या उत्तरार्धात येतो.

मेच्या सुट्टीचे चित्र वेगळे आहे. 29 एप्रिल ते 5 मे या आठवड्यात जपानमध्ये सार्वजनिक सुट्ट्यांची रांग असते, त्याला तिथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात. त्या दिवसांत अख्खा देश प्रवासाला निघतो आणि टोकियो-ओसाका मार्गावरील नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाड्यांमध्ये विनाआरक्षण डबेच ठेवले जात नाहीत. तो आठवडा टाळला की पुढचा महिना मला वर्षातला सर्वांत सोयीचा वाटतो. टोकियोत दुपारचे तापमान तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास असते, सूर्य पहाटे साडेचारला उगवून पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मुलांसोबत रेंगाळत फिरूनही दिवस पुरतो, आणि सामानात एका पातळ जॅकेटपलीकडे गरम कपडे लागत नाहीत. मुलांना बर्फ पाहायचाच असेल तर तातेयामा-कुरोबे या डोंगरी मार्गावरील मुरोदो येथे, सुमारे 2450 मीटर उंचीवर, मे महिन्यातही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसपेक्षा उंच बर्फाच्या भिंती उभ्या असतात. (फुजीच्या शिखरावर चढायचे मनात असल्यास मात्र हा काळ उपयोगाचा नाही, त्या वाटा जुलैत उघडतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद होतात.) परतीचे तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यातले काढावे, कारण टोकियोच्या परिसरात त्सुयू, म्हणजे तिथला पावसाळा, सरासरीने 7 जूनच्या सुमारास, आपल्या मृगाच्या मुहूर्तावरच, सुरू होतो.

त्या पावसाचा मुंबईकराने फार धसका घेऊ नये. टोकियोत जूनभर मिळून सरासरी 168 मिलिमीटर पडतो, आणि आपल्याकडे तेवढा कधीकधी एका दिवसात कोसळतो. खरा त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्याचा आहे. पारा 35 अंशांवर जातो, ऑगस्टच्या मध्यास ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी उसळते आणि सप्टेंबरपर्यंत वादळांमुळे गाड्या व विमाने रद्द होण्याची शक्यता राहते. क्योतोचा गिओन उत्सव किंवा फुजीची चढाई हे निश्चित कारण नसेल तर हे महिने वगळावेत.

दिवाळीच्या सुट्टीचा निर्णय पंचांगावर अवलंबून आहे. टोकियोत ऑक्टोबरचा सरासरी पाऊस सुमारे 235 मिलिमीटर, म्हणजे जूनपेक्षाही बराच जास्त असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 2025 सारखी दिवाळी ऑक्टोबरात आली तर छत्र्या घेऊन फिरण्याची तयारी ठेवावी आणि पानांचे रंग पाहण्यासाठी क्योतोऐवजी निक्कोच्या डोंगराळ भागाकडे वळावे. अधिकमासाच्या वर्षी मात्र दिवाळी पुढे सरकते, 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आणि मग सुट्टीचा उत्तरार्ध क्योतोच्या लाल मेपलच्या बहराजवळ जाऊन पोहोचतो. हवा कोरडी व थंड असते, एक स्वेटर आणि मफलर पुरतो, ज्येष्ठांना चालण्याचा शीण कमी जाणवतो. उणीव एवढीच की नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, त्यामुळे मंदिरे सकाळी आणि बाजार संध्याकाळी असा क्रम ठेवावा लागतो. या मोसमात कोयासानला, म्हणजे बौद्ध मठांच्या डोंगरावर, एक रात्र काढावी असे मी आवर्जून सुचवेन. तेथील विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा 2015 पासून उभा आहे, आणि मठांतून मिळणारे शोजिन र्योरी हे भोजन पूर्ण शाकाहारी असते. एरवी ‘भाजीचे’ म्हणून समोर येणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, हे ध्यानात घेता ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

हिवाळ्यात जपान एक राहत नाही, दोन होतात. टोकियो कोरडे, निरभ्र असते आणि फुजी सर्वांत स्पष्ट याच दिवसांत दिसतो. त्याउलट उत्तरेचे होक्काइदो बेट आणि पश्चिम किनारा बर्फाखाली असतो. पहिल्यासाठी थर्मल आणि जाड कोट पुरे, दुसऱ्यासाठी न घसरणाऱ्या तळव्याचे बूट हवेत, आणि ते एकाच सहलीत जमवायचे तर बॅग फुगते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की 29 डिसेंबर ते 3 जानेवारीच्या दरम्यान अनेक संग्रहालये आणि लहान खानावळी बंद असतात.

ऋतू कोणताही असो, काही तयारी बदलत नाही. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरपेक्षा अधिक असलेल्या बॅगेसाठी टोकियो-ओसाका शिंकान्सेनमध्ये वेगळी जागा आधीच आरक्षित करावी लागते. म्हणून हिवाळ्याच्या सहलीत एका मोठ्या बॅगेपेक्षा दोन मध्यम बॅगा बऱ्या. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून 50,000 येनांवर गेला, तेव्हा टोकियो-क्योतो एवढाच बेत असल्यास सुटी तिकिटे स्वस्त पडतात. तेथील वीज 100 व्होल्टची आहे; मोबाइलचा चार्जर चालतो, पण आपली 230 व्होल्टची किटली सुमारे पाचव्या हिश्श्याच्या ताकदीने तापेल, म्हणून ती घरीच ठेवावी. मेतकूट आणि कोरड्या चटण्या न्याव्यात. ताजी फळे, कढीपत्ता आणि मांसाचे कोणतेही पदार्थ नेऊ नयेत.

औषधांबाबत हिवाळ्यात आणि वसंतात अधिक सावध राहावे, कारण सर्दी-खोकल्याच्या गोळ्या त्याच वेळी पिशवीत पडतात. दहा टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेले औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही, आणि कोडीनयुक्त सिरपवरही निर्बंध आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल सुगी या सूचिपर्णी झाडांचे पराग हवेत असतात, त्यामुळे ज्यांना शिंकांचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी साकुराची तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांकडून चालणारे औषध लिहून घ्यावे आणि घटकांची नावे छापलेले मूळ पाकीट सोबत ठेवावे.