फिल्म फोरमचं सभासदत्व: दहा महिन्यांचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या एका बाजूला कालनिर्णय लटकतं. दुसऱ्या बाजूला, ऑफिसात गुपचूप प्रिंट काढलेलं, न्यूयॉर्कमधल्या फिल्म फोरम या थिएटरचं कार्यक्रमपत्रक. लाल पेनाने गोल केलेल्या तारखा माझ्या, त्यावर 'पालकसभा आहे' असं लिहिलेलं अक्षर नवऱ्याचं. दहा महिन्यांत सभासदत्वाने आमच्या घरात काय बदललं, तर मुख्यतः हे.

थिएटर मॅनहॅटनमध्ये, 209 वेस्ट हाउस्टन स्ट्रीटवर. (हाउस्टनच. टेक्सासवाल्यासारखं ह्यूस्टन म्हणालात की तुम्ही पाहुणे आहात हे लगेच कळतं. मी दोन वर्षं पाहुणी होते.) जर्सी सिटीहून पाथ या लोकल गाडीने क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरायचं आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालायचं. बाहेरून बघाल तर लांबरुंद महाल वगैरे काही नाही. 1970 साली हे सुरू झालं तेव्हा पन्नास घडीच्या खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर एवढाच संसार होता. 1972 मध्ये कॅरन कूपर यांनी सूत्रं घेतली ती थेट 2023 पर्यंत सांभाळली. या जागेत ते 1990 मध्ये आले, आणि 2018 च्या नूतनीकरणात चौथा पडदा वाढला. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, त्यामुळे सभासदांची वर्गणी ही अर्धी देणगीच असते. बदल्यात तिकीट स्वस्त. फक्त पैसे वसूल करायचे म्हणून घेणार असाल तर आधी बोटं मोजा. मी सप्टेंबरात घेतलं आणि हिशेब फिटायला फेब्रुवारी उजाडला, तोही थंडीत धडपडत गेले म्हणून.

पत्रक वाचायला शिकावं लागतं. इथे दोन वेगळे प्रवाह चालतात. एकीकडे नवे स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट, ते आठवडा-दोन आठवडे तरी टिकतात. दुसरीकडे जुने चित्रपट: एखाद्या दिग्दर्शकाची, नटीची किंवा काळाची अख्खी मालिका. त्यातले काही एकाच दिवशी, एकाच वेळेला. हे मला नोव्हेंबरात कळलं. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून एक जपानी चित्रपट सोडला, आणि पुढच्या आठवड्यात तो नव्हता. कुठे ऑनलाइनही मिळाला नाही. चूक सर्वस्वी माझी. घरी बसून सिनेमा बघायची सवय लागली की आपण धरून चालतो, सिनेमा आपल्यासाठी थांबून राहणार. तेव्हापासून तो लाल पेन.

नावापुढे '35 एमएम' लिहिलेलं दिसलं की मी तो खेळ आधी धरते. नव्या डिजिटल आवृत्त्या स्वच्छ असतात, तक्रार नाही. पण रिळावरचा सिनेमा चालताना उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो, तो बघायला मला अजून गंमत वाटते. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी पहिला ठिपका: केबिनमधल्या ऑपरेटरने दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. शेवटचं सेकंद उरलं की दुसरा: बदल. आपल्याला खाली काहीच कळत नाही. साताऱ्याला बाबांनी मला हे लहानपणी दाखवलं होतं आणि पुढचा अख्खा सिनेमा मी ठिपकेच शोधत बसले होते.

विशेष खेळांमध्ये माझी एकच ठाम शिफारस: पियानोच्या साथीने होणारे मूकपट. स्टीव्ह स्टर्नर हे इथले जुने पियानोवादक. आई सहा महिन्यांसाठी आली होती. इथलं इंग्रजी तिच्या कानावरून जातं, त्यामुळे सिनेमाला चल म्हटलं की 'तू जा गं' हे ठरलेलं. बस्टर कीटनच्या मूकपटाला ओढूनच नेलं. दहाव्या मिनिटाला ती पदर तोंडाशी धरून हसत होती. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तो सिनेमा बघत बघतच वाजवतोय की काय?" हो म्हटलं. "आमचे आजोबा सांगायचे, पडद्यापुढे पेटी-तबलावाले बसायचे म्हणून. मला वाटायचं थापा मारतात." उरलेला वेळ तिचं निम्मं लक्ष पियानोकडेच. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं असतं हे, कोणी बोलतच नाही."

रविवारी सकाळी 11 ला मुलांसाठी जुने सिनेमे असतात. आमची मराठी शाळाही रविवारी सकाळीच भरते, तेव्हा त्यावर माझं मत दोनच खेळांपुरतं: मुलीला आवडले.

खाणं ठीक. पॉपकॉर्न चांगलं, कॉफीही. मधूनच खालून भुयारी गाडी जाते आणि तिची घरघर पायांना कळते. पहिल्या वेळी मला ती सिनेमातलीच वाटली होती. आता एखाद्या शांत प्रसंगात ती आली नाही तर चुकल्यासारखं होतं. खरा वैताग आला तो शेजारच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांचा. अडीच तासांत त्यांनी चार वेळा फोन उजळवला. पण अशी माणसं कुठल्याही थिएटरात भेटतात.

आपल्याकडच्या सिनेमाचं काय? न्यूयॉर्कमध्ये आर्टहाउसवाल्यांना भारत म्हटलं की आधी सत्यजित राय आठवतात, आणि त्याला कारणही आहे. त्यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळली होती. इटलीत बोलोन्यात ती हाताने दुरुस्त झाली, आणि 2015 च्या मे महिन्यात नव्या रूपात ती इथेच लागली. त्याच उन्हाळ्यात चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'ही इथे लागला होता. मी तेव्हा पुण्यात होते, म्हणजे दोन्ही हुकले. एरवी नवा मराठी सिनेमा बघायचा तर न्यू जर्सीत एडिसनकडच्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारचे दोन-तीन खेळ, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप, आणि मध्यंतरात ओळखीची निम्मी माणसं. तेही हवंच. पण ते स्नेहसंमेलन झालं.

घ्यावं का? एडिसन किंवा प्रिन्स्टनला राहत असाल तर नका घेऊ, सुट्टं तिकीट काढा. हडसन नदीच्या काठाला राहत असाल आणि महिन्यातून दोन संध्याकाळी कुणी मुलं सांभाळणार असेल, तर घ्या. रात्रीच्या शेवटच्या खेळाला जाताना परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. मी एकदा नावांच्या पाट्या संपेपर्यंत बसले आणि मग फलाटावर पाऊण तास उभी होते, हातात उरलेल्या पॉपकॉर्नची पिशवी घेऊन.

सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा मेल कालच आला. नवरा म्हणाला, "भर, पण ऑक्टोबरातल्या दोन तारखा मला दे."