५००० साइझची खाऱ्या पाण्याची रील: मुंबईच्या समुद्रात एक हिवाळा काढल्यावर

पावसाळी बंदी उठल्यावर घेतली आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोटीवर चांगली रगडली. मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळणारी, मधल्या किमतीची स्पिनिंग रील आहे. तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून कंपनीचं नाव टाकत नाही. तसंही या किमतीतल्या बहुतेक रीलचं रडगाणं हेच असतं.

आधी चांगलं सांगतो. गिअर ६.२:१ आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ मीटरभर दोरी आत येते. सुरमईला हे लागतंच. जिग (धातूचं खोटं आमिष) रेंगाळली की सुरमई मागे येते, बघते आणि वळून जाते. खोक्यावर दहा किलो ड्रॅग (मासा जोरात ओढायला लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक) असं ठळक छापलंय, त्याला भुलू नका. पीई ३ जाडीची ब्रेड (विणलेली दोरी) साधारण वीस किलोला तुटते आणि ड्रॅग लावायचा तिच्या पाव हिश्शापर्यंत. म्हणजे पाच किलोच्या वर कोण जातंय? सुरमईची पहिली धाव सुसाट असते, ड्रॅग घट्ट असेल तर गळ तोंड फाडून निघतो. त्या धावेला ड्रॅग अडखळतो की सरळ सुटतो, एवढंच बघायचं. हिचा सरळ सुटतो.

आता खरं दुखणं: लाइन रोलर. बेलच्या, म्हणजे दोरी रीलवर वळवणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाला असलेली ती छोटी चकती. भिजलेली दोरी सगळं खारं पाणी थेट तिच्यावर आणून ओतते, त्यामुळे रीलमध्ये मीठ सगळ्यात आधी तिथेच बसतं. खांदेरी बेटाच्या बाहेर जानेवारीत ती किरकिरायला लागली. माझ्याआधी बोटीच्या तांडेलांनी ओळखलं. "चाक रडतंय तुझं, तेल पाज त्याला." ते स्वतः तंगूस (नायलॉनची दोरी) बोटांवर धरून बसलेले, गंजायला बेअरिंगच नाही! रोलर अडकला की ब्रेड एकाच जागी घासत राहते. बोटांतून दोरी सोडून बघितली तर शेवटच्या काही मीटरवर कापसासारखी लव सुटलेली. तेवढी कापून टाकली.

सर्व्हिस सेंटरने पार्ट यायला दोन महिने सांगितले, म्हणजे हंगामच संपला. बेअरिंग काढून नागदेवी स्ट्रीटला नेलं. माझ्या रोलरला ४×७×२.५ मिमीचं लागतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असं सांगायचं आणि स्टेनलेसच मागायचं. तेव्हापासून कुरकुर नाही.

धुण्याबद्दल. ड्रॅग घट्ट करायचा, नळाच्या हलक्या धारेखाली धरायची, पुसायची, सुकवायची. बादलीत बुडवून ठेवू नका आणि जोराचा फवारा तर मुळीच नको, मीठ आणखी आत जातं. ठेवताना ड्रॅग सैल, नाहीतर वॉशर दबून बसतात. रोलरवर तेलाचा एक थेंब, दर वेळी. स्पूलच्या (दोरी गुंडाळली जाते त्या भागाच्या) स्क्रूभोवती पांढरी बुरशी दिसतेय, तो ॲल्युमिनियमचा गंज. अजून वरवरचा आहे.

रील कितीही चांगली असली तरी तिथी चुकली की दिवस फुकट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबरदस्त, खाड्यांचा गाळ लांबवर पसरतो आणि गढूळ पाण्यात जिग दिसतच नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी निवळतं. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) असेपर्यंत समुद्र शांत, दुपारी वायव्येचा वारा उठला की उभं राहून फेकणं कठीण. सुरमईचे दात धारदार असल्यामुळे दोरीच्या पुढे वीतभर वायर लावतोच. निवळ पाण्यात त्यामुळे चावे कमी मिळतात, पण जिग शाबूत राहते.

सुरमई-कुप्यासाठी बाहेर जाणाऱ्याने खुशाल घ्यावी, सोबत दोन जादा बेअरिंग. खडकातून हेकरू (खडकात राहणारा जड मासा) उपसायचा असेल तर मात्र नको. वेगाचा गिअर जड ओझ्याला दमतो, हँडल फिरवताना मनगट जातं. त्यासाठी कमी गिअरची रील बघा.