मराठी पेपर मोबाइलवर: फुकटची वेबसाइट की पैशाचा ई-पेपर?

इंदूरात राहून पुण्या-मुंबईचा पेपर रोज वाचायचा तर दोनच रस्ते, एक त्यांची वेबसाइट, दुसरा ई-पेपर, म्हणजे छापील पानंच जशीच्या तशी स्क्रीनवर, ज्याला आता बऱ्याच ठिकाणी पैसे भरावे लागतात. मी दोन्ही वापरलेत, सध्या ई-पेपरवर आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

ताजी बातमी वेबसाइटवरच, त्यात वादच नाही. कॉपी करून फॅमिली ग्रुपवर टाकताही येते. दर दोन पॅऱ्यांनंतर ‘हेही वाचा’, खाली पोट कमी करायचे उपाय, नोटिफिकेशनची परवानगी, हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण तो मजकूर उड्या मारतो ना, त्याने डोकं फिरवलं. सकाळी एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर, वाक्य अर्धं वाचून झालंय आणि वर कुठेतरी जाहिरात उशिरा लोड होते, अख्खा पॅरा खाली सरकतो, अंगठा पडतो जाहिरातीवर आणि आपण कुठल्या तरी फ्लॅटच्या बुकिंगमध्ये! होतं काय, की पान उघडल्यावर जाहिरातीच्या जागेचा मागच्या मागे जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो, मग जाहिरात येते, आणि तोवर तिच्यासाठी जागा राखून ठेवायची तसदी कोणी घेत नाही. गूगलचं या उड्या मोजायचं माप आहे, सीएलएस, ०.१ पर्यंत असलं तर पान ठीक. मी मोजायला गेलो नाही, अंगठ्याने सांगितलं तेवढं पुरे. क्रोम २०१९ पासून जगभर, जाहिरातींचे नियम वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवतं, नियम मोडणं म्हणजे आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मोबाइलवर ३० टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती वगैरे, पण ही उडी त्या यादीत नाहीच.

ई-पेपरमध्ये जाहिराती कमी असतात असं नाही हं, दिवाळीत तर खरं पहिलं पान शोधत बसावं लागतं. पण जाहिरात जिथे छापली तिथेच बसून राहते. शिवाय आवृत्ती निवडता येते, आमच्याकडे बायको नागपूरची वाचते, मी पुण्याची. कटकट आहेच, झूम करा, सरकवा, ‘पान ७ वर’ गेलेली बातमी हुडका, त्यामुळे आई-बाबांसाठी घेत असाल तर टॅबलेटवरच द्या.

निकालाच्या दिवशी मात्र ई-पेपरचा काही उपयोग नाही, तेव्हा अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकून वेबसाइटच उघडा. एरवी नको, पेपरवाल्यांचंही पोट आहे.