इमारतीचा सामायिक कंपोस्ट प्रकल्प : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांचे तीन कप्पे उभे राहिले, त्याला आता अकरा महिने झाले. २२ घरांपैकी १७ घरांचा ओला कचरा आज याच कप्प्यांत जिरतो. असा प्रकल्प सुरू करावा की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: प्रकल्प उत्तम चालतो, पण तो चालतो सुक्या पाल्यावर आणि पाळीच्या वहीवर, म्हणजे कामाची पाळी कोणाची हे लिहिलेल्या वहीवर. कप्पे कोणत्या लाकडाचे आहेत याला त्यामानाने फारच कमी महत्त्व आहे.

मांडणी साधी आहे. प्रत्येक कप्पा सुमारे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तितकाच उंच आहे. हे माप सहज ठरलेले नाही, कारण ढीग याहून लहान असेल तर जिवाणूंनी निर्माण केलेली उष्णता आत टिकत नाही आणि कचरा कुजायला कितीतरी अधिक वेळ लागतो. पहिल्या कप्प्यात रोजचा कचरा पडतो, तो भरला की सगळा ढीग दुसऱ्या कप्प्यात पालटला जातो आणि तिसऱ्यात खत मुरत राहते. नवीन ढीग लावताना तयार खताची दोन घमेली विरजण म्हणून तळाशी घालतो.

पहिले दोन महिने मात्र आम्ही चुकलो, आणि चूक पूर्णपणे आमचीच होती. उत्साहाच्या भरात सगळ्यांनी कचरा आणून टाकला. सुका पाला किती घालायचा, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, तर वाळलेल्या पानांत कर्ब अधिक असतो. ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते, आणि त्यासाठी घमेल्याच्या मापाने एका भाग ओल्या कचऱ्याला निदान दोन भाग पाला लागतो. आम्ही जेमतेम मूठभर पाला भुरभुरवत होतो. पावसाळी आठवड्यात वरचे प्लास्टिक उडाले, ढीग चिंब भिजला आणि तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यांसारखा वास तळमजल्यावरच्या घरांत शिरला. तिथे राहणाऱ्या आजींनी शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत तक्रार केली. त्यांची तक्रार शंभर टक्के रास्त होती.

त्या वासाचा अर्थ नंतर नीट समजला. ढिगातली हवा संपली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात. कचराभूमीवर दाबून टाकलेल्या ओल्या कचऱ्यातही हेच घडते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. वीस वर्षांच्या कालावधीचा हिशेब केला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत, वजनास वजन धरून, सुमारे ८० पट उष्णता अडवतो. म्हणजे ढीग घाण वासाने भरू देणे हा केवळ शेजारधर्माचा प्रश्न नव्हता. ज्या कारणासाठी आम्ही कचरा तिकडे जाण्यापासून रोखत होतो, तेच कारण आम्ही आमच्या अंगणात निर्माण करत होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला ६० टक्के वाटा घराघरांतला होता. हे आकडे वाचून मी या कामात पडलो होतो, त्यामुळे तो आठवडा मला फार लागला.

उपाय एका शनिवारी झाला. सहा जणांनी मिळून अख्खा ढीग बाहेर काढला, त्यात कोरडा पाला आणि पुठ्ठ्याचे बारीक तुकडे थराथराने मिसळले आणि कप्प्यांवर पक्के उतरते छप्पर बसवले. ओलावा पाहायची रीत तेव्हापासून प्रत्येकाला शिकवली आहे: ढिगातले मिश्रण मुठीत घट्ट दाबावे, एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवावा, आणि मूठ उघडताच सगळे भुसभुशीत विखुरले तर थोडे पाणी शिंपडावे. चौथ्या दिवशी सकाळी लांब दांड्याचा तापमापक आत खोचला तेव्हा काटा ५८ अंश सेल्सिअसवर होता. फावड्याने वरचा थर बाजूला करताच वाफ वर आली आणि ओल्या मातीचा वास सुटला. ५५ अंशांच्या वर सलग काही दिवस राहिलेल्या ढिगात बहुतेक रोगजंतू आणि तणाचे बी मरते. कडेचा भाग मात्र थंड राहतो, म्हणून पालटताना बाहेरचे आत घालणे आवश्यक असते.

उणिवाही सांगायला हव्यात. ढीग पालटणे हे खरोखर मेहनतीचे काम आहे आणि ते दोन-तीन जणांवरच पडले तर प्रकल्प सहा महिन्यांत बंद पडेल, असे मला वाटते. ‘विघटनशील’ असा शिक्का असलेल्या पिशव्या आमच्याकडे जशाच्या तशा निघाल्या. त्यांपैकी अनेक पिशव्यांना मोठ्या संयंत्रातली दीर्घकाळ टिकणारी उष्णता लागते, म्हणून आता कोणतीही पिशवी कप्प्यात टाकायची नाही असा नियम आहे. चिलटे अधूनमधून येतात, पण ताज्या कचऱ्यावर चार बोटे पाला पसरला की कमी होतात.

आता खताबद्दल. आवारातल्या झाडांच्या एका वाफ्याला आम्ही दोनदा खत घालून वर पाल्याचे जाड आच्छादन केले, शेजारचा वाफा तसाच ठेवला. मोठी सर येऊन गेल्यावर उघड्या वाफ्यात पाणी साचले आणि कडेने गढूळ होऊन वाहिले. आच्छादन केलेल्या वाफ्यात ते जिरले. कडक उन्हाच्या आठवड्यात तिथे बोट खुपसले तर दोन पेरांखाली ओल लागत होती, तर दुसऱ्या वाफ्याला भेगा पडल्या होत्या. एका हंगामातल्या दोन वाफ्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि यातला किती वाटा खताचा व किती आच्छादनाचा, हेही वेगळे सांगता येणार नाही. तरीही पाऊस एकदम कोसळण्याचे आणि मग बराच काळ दडी मारण्याचे प्रसंग वाढत असताना पाणी धरून ठेवणारी जमीन आपल्या दाराशी असणे, ही मला या प्रकल्पाची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

सध्याची अडचण एकच आहे: पाला संपत आला आहे. पानगळ वर्षातून एकदा होते आणि ओला कचरा रोज येतो. गेल्या वर्षी झाडून जाळायला निघालेली पाने आम्ही ऐनवेळी अडवली, पण ठेवायला जागा नसल्याने निम्मी भिजून वाया गेली. म्हणून आता केवळ पाल्यासाठी छपराखाली चौथा कप्पा बांधायला घेतला आहे, आणि तळमजल्यावरच्या त्याच आजींनी त्याची किल्ली स्वतःकडे मागून घेतली आहे.