थिअरॉटिकल फिजिक्सची एमएस्सी, दोन वर्षं करून मग लिहितोय

हा कोर्स घेऊ का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. ब्लॅक होल, बिग बँगचे व्हिडिओ बघून येणार असाल तर पहिलं वर्ष जड जाईल, कारण तिथे नुसतं गणित असतं, क्लासिकल मेकॅनिक्स, लिनिअर अल्जेब्रा, क्वांटम, आणि एकेक प्रॉब्लेम रात्रभर पुरतो. पण गणितज्ञ एमी नोदरचं १९१८ चं प्रमेय मी स्वतः वहीत करून बघितलं, म्हणजे निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत एवढ्यावरून ऊर्जा अक्षय्य राहते हे निघतं, तेव्हा अंगावर काटा आला, खरंच. त्या एका संध्याकाळसाठी मी परत ॲडमिशन घेईन.

करिअरचं मार्गदर्शन मात्र आमच्याकडे फारच कमी पडलं. सगळे पीएचडी, पोस्टडॉकचंच (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीचंच) बोलतात, प्राध्यापकाच्या कायमच्या जागा किती थोड्या असतात ते कोणी आधी सांगत नाही. बाकीच्या वाटा आम्हीच शोधल्या. शेअर बाजारात ऑप्शनची (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची) किंमत काढायचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण घ्या, व्हेरिएबल बदलले की ते सरळ उष्णतावहनाचं समीकरण होतं, जे आपण आधीच सोडवलेलं असतं! हवामानाचं मॉडेलिंग, मेडिकल फिजिक्स, डेटा सायन्स, आमच्यातले तिकडेही गेलेत. फक्त प्रोग्रामिंग पहिल्या सेमपासून स्वतःच शिका, निदान पायथॉन तरी, आम्हाला ते फार उशिरा शिकवलं.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो मार्गदर्शनासाठी.